एका कंसातले चार शब्द

मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मला इंग्रजी बोलता येत नाही. नोकरीतले अनुभव लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य हेच आलं. खोडून पाहिलं, पण त्याच्या जागी दुसरं खरं वाक्य काही सापडेना. माझ्या पिढीतले खेड्यातले पुष्कळ मास्तर असेच होते. आम्हाला इंग्रजी वाचता येई, फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिता येई आणि ते मराठीतून शिकवता येई. कुणी खरोखरीच समोर येऊन इंग्रजीत चार वाक्यं बोलला असता, तर आम्ही त्याच्यासाठी पाणी आणायला म्हणून उठलो असतो ते परत आलो नसतो.

माझी शाळा मेहकर तालुक्यात, डोणगावहून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. आठवी, नववी आणि दहावीचं इंग्रजी माझ्याकडे. गणितात पोरं नापास व्हायची, पण झुंज देऊन व्हायची. इंग्रजीचा पेपर मात्र हातात पडायच्या आधीच ती हरलेली असत. पस्तीस मार्कांचा तो उंबरठा ओलांडता आला नाही म्हणून किती पोरं वावरात गेली आणि किती पोरी बोहल्यावर चढल्या, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. ठेवली असती तर पहिली सही माझी लागली असती.

मग मी एक युक्ती काढली. खेड्यातल्या पोराला इंग्रजी शब्द पाठ होत नाही, कारण तो त्याला एकेकटा भेटतो. अनोळखी पाहुणा एकटा आला की पोरं आईमागे लपतात, पण सगळं वऱ्हाड उतरलं की तीच पोरं त्यात मिसळून जातात. म्हटलं, शब्दही वऱ्हाडासकट आणावेत. आधी शब्दातली अक्षरं मोजायची, मग त्याची शेपटी पाहायची. अक्षरं तितकीच आणि शेपटी तीच, असे सगळे शब्द एका रांगेत. पाच अक्षरी, शेपटी आय-जी-एच-टी : फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. शेपटी एकदा पाठ झाली की पोराला फक्त डोकं बदलायचं. एका शब्दाच्या कष्टात सात शब्द.

शब्दकोश पुढून वाचायला केलेला असतो. मला तो मागून हवा होता. तसा आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिलेला नव्हता. मग दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या निंबाच्या सावलीत बाजेवर बसून मी पान न पान चाळलं आणि एक जाड रजिस्टर भरलं. तीन अक्षरी, चार अक्षरी, असं करत बारा अक्षरींपर्यंत. नुसते शब्दच नाहीत, जोड्यासुद्धा : कट ऑफ, पुट ऑफ, सेट ऑफ, सहा अक्षरं, शेपटी ऑफ. बायको म्हणायची, "लोक सुट्टीत घराले चुना लावतात, तुमी शेपट्या मोजून राह्यले."

वर्गात पाढ्यांच्या चालीवर शेपट्या सुरू झाल्या आणि पोरांना मजा वाटू लागली. आय-जी-एच-टीच्या रांगेत आणखी एक शब्द बसतो, तो 'एट', म्हणजे आठ. लिहायला सगळ्यांसारखा, उच्चाराला वेगळाच. एका पोराने विचारलं, "सर, हा एकटाच काऊन येगळा बोलते?" मी म्हटलं, "बाबा रे, प्रत्येक घरात एक असतो." वर्ग हसला आणि तो शब्द जन्मभराचा पाठ झाला.

दोन वर्षांत निकाल सुधारला. तालुक्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी नववीतल्या एका मुलीला उभं करून विचारलं, "चार अक्षरी, शेपटी ए-एल-एल?" ती दम न घेता म्हणाली, "बॉल, कॉल, फॉल, हॉल, टॉल, वॉल." साहेब खूष. शेरेबुकात त्यांनी "स्तुत्य उपक्रम" असं लिहिलं आणि चहा पिऊन गेले. त्यांनी अर्थ विचारला नाही. मीही फारसा विचारत नव्हतो. अर्थ एका बाजूला लिहिलेला असे, पण पाठ होई ती शेपटी. हे मला कळत नव्हतं असं नाही. निकाल लागत होता, म्हणून मी कळून घेत नव्हतो.

ती मुलगी रूपाली. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, पण त्याआधी गावाबद्दल थोडं सांगायला हवं.

ते बीटी कापसाचे सुरुवातीचे दिवस होते. गावात एकदम छापील कागदांचा सुळसुळाट झाला. बियाण्याची पाकिटं, फवारणीच्या बाटल्या, त्यांच्यासोबत घडीघडीचे पातळ कागद आणि त्यावर मुंगीच्या पावलाएवढं अक्षर. मराठी असलं तरी ते कसलं मराठी, ते वाचून शेतकरी म्हणायचा, यापेक्षा इंग्रजी बरं. मग गावात इंग्रजी वाचणारा कोण, तर मी. शाळा सुटली की शाळेच्या ओट्यावर माणसं बाटल्या घेऊन बसलेली असत. खरं सांगतो, मला ते आवडायचं. पाटलालासुद्धा माझ्यापुढे बाटली धरून उभं राहावं लागे.

एकदा एक आजोबा बियाण्याच्या मोठ्या पाकिटातली लहान पुडी घेऊन आले. "सर, हे बारकं पाकीट कायचं हाये?"

मी चष्मा पुसून वाचलं. "रेफ्यूज. म्हणजे आसरा, आजोबा."

"कोनाले आसरा?"

मी पुढचं बारीक अक्षर वाचलं. "अळीला."

ओट्यावर हशा पिकला. आजोबा म्हणाले, "म्हंजे अळीले आसरा द्याले म्या बियानं आनलं व्हय?" आणि त्यांनी ती पुडी तिथल्या तिथे फोडून कोंबड्यांपुढे टाकली. त्या हंगामात गावातल्या बहुतेक पुड्या कोंबड्यांनीच खाल्ल्या. मी शब्द बरोबर सांगितला होता. पण साधं बियाणं बीटीच्या कडेने का लावायचं, हे मला माहीत नव्हतं, आणि 'माहीत नाही' म्हणायची मास्तरांच्या जिभेला सवय नसते. बऱ्याच वर्षांनी गुलाबी अळी बीटीच्याही बोंडात शिरली, तेव्हा कृषी खात्याच्या एका माणसाने सभेत त्या पुडीचा हेतू समजावून सांगितला : कडेच्या साध्या कापसावर जगलेल्या अळ्या बाकीच्यांत मिसळत राहिल्या की बीटीला दाद न देणारी अळी वाढत नाही. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. आजोबा तोवर राहिले नव्हते.

आता रूपाली. तिचे वडील भास्करभाऊ, कमी बोलणारा, कष्टाळू माणूस. थोरल्या भावाला सगळं गाव नाना म्हणे. वावरं वाटणीची होती, पण घर एक आणि घरात शब्द नानांचा. नानांचं म्हणणं एवढंच, की पोरगी नववीत गेली, आता स्थळ पाहावं. त्यांच्या घरातली एकही मुलगी दहावीपर्यंत गेली नव्हती. भास्करभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा भावापुढे तोंड उघडलं ते या मुलीसाठी. ते मला एकदा ओट्यावर म्हणाले होते, "म्या नानाले सांगतलं सर, घरात दवाईची बाटली वाचनारं कोनी तं पाह्यजे. येवढी दहावी करू द्या तिले. नाना म्हने, पाहू." त्या 'पाहू'वर मुलीची शाळा चालली होती. तिची नर्स व्हायची इच्छा होती, हे तिने मला निबंधात लिहून दिलं होतं. मराठीच्या निबंधात, इंग्रजीत तेवढं लिहायला मी शिकवलंच नव्हतं.

बीटीने बोंडअळीचा बंदोबस्त केला खरा, पण मावा आणि तुडतुडे यांना बीटीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे फवारणी होतीच. मुलांच्या घरी बाटल्या येत आहेत, तर त्यावरचे शब्द शेपटीत घालावेत, असं मला वाटलं. हेतू चांगला होता, हे आज लिहून काही उपयोग नाही. नववीच्या फळ्यावर मी लिहिलं : नऊ अक्षरी, शेपटी आय-सी-आय-डी-ई. त्याखाली चार शब्द एकाखाली एक : फंजिसाइड, हर्बिसाइड, पेस्टिसाइड, वीडिसाइड. चौघांची अक्षरं नऊ, चौघांची शेपटी एक. रांग इतकी नेटकी जमली की मी स्वतःवरच खूष झालो. याच घराण्यातला एक सात अक्षरी शब्द, आत्महत्येचा, मी मुद्दाम गाळला. तो त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना शिकवावा लागत नव्हता.

मग मी चारही शब्दांना मिळून एक मोठा महिरपी कंस काढला आणि कंसाच्या टोकाशी एकच अर्थ लिहिला : पिकावरचं औषध.

वीड म्हणजे तण, हे मला ठाऊक होतं. फंगस म्हणजे बुरशी, हेही. हर्बसाठी शब्दकोश उघडावा लागला असता. तास संपायला चार-पाच मिनिटं होती. शिवाय आमच्याकडे किडीची, रोगाची, तणाची, सगळी 'दवाई'च. तण मारायची दवाई तर तेव्हा आमच्या गावात कुणी वापरतच नसे. निंदायला बाया होत्या. पोरांनी कंसासकट वहीत उतरवून घेतलं आणि मोठ्याने म्हटलं. चाल छान बसली होती.

पोळा आठ दिवसांवर आला असताना भास्करभाऊंच्या पऱ्हाटीवर, म्हणजे उभ्या कापसावर, मावा पडला. घरात एक अर्धी बाटली होती. धामणगाव बढ्याकडच्या त्यांच्या साडूने आदल्या साली काही सामान दिलं होतं, त्यात ती आली होती. सोबतचा कागद हरवलेला, वरची चिठ्ठी ओलीने निघालेली. उरला होता तेवढा एकच इंग्रजी शब्द. भास्करभाऊंनी मुलीला विचारलं, "पाह्य व माय, हे पऱ्हाटीवर चालते काय?" तिने अक्षरं मोजली. नऊ. शेपटी पाहिली. वही काढून खात्री केली. एवढी काळजी तर मीही घेतली नसती. ती म्हणाली, "चालते, बाबा. पिकावरचंच औषध हाये." भास्करभाऊंनी सबंध वावर फवारलं.

आठवड्याभरात पऱ्हाटी पिवळी पडली. आधी शेंडे, मग पानं कडेने करपली, मग फुलासकट झाडांनी माना टाकल्या. बातमी गावभर झाली. कृषी सहायक आले तेव्हा बांधावर पंधरा-वीस माणसं जमली होती. मीही गेलो होतो. गावात काही घडलं की मास्तर जातोच. सहायकांनी बाटली हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, हे तणनाशक आहे. कापसावर कुणी मारायला सांगितलं?"

नाना बोलले. "काऊन, घरात वाचनारी हाये ना आमच्या!" मग रूपालीकडे वळून म्हणाले, "सांग नं व, काय वाचलं व्हतं तुनं?"

ती बापाच्या मागे उभी होती. छातीशी वही धरलेली होती. मी तिच्यापासून फार तर चार हातांवर होतो. ती निळ्या पुठ्ठ्याची वही मी ओळखली आणि त्यात काय आहे हे माझ्या त्याच क्षणी ध्यानात आलं. तिने वही उघडून दाखवली असती तर तो कंस तिथे होता आणि तो कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "माह्यं चुकलं, मोठेबाबा."

"झालं मंग शिक्षन," नाना म्हणाले.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'तिचं नाही, माझं चुकलं.' पाढ्यातल्या कुठल्याही ओळीपेक्षा लहान वाक्य. पण येत्या जूनमध्ये मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती माझ्याकडे यायची होती. पंधरा-वीस माणसांत 'मास्तरला शब्दाचा अर्थ येत नाही' हे कळलं असतं तर उद्यापासून ओट्यावर कोण बसलं असतं? एवढा सगळा विचार मी बांधावर उभ्या उभ्या केला, असं नाही. पण जीभ उचलली गेली नाही, आणि ती का उचलली गेली नाही हे मला नंतर नीट कळलं. मी सहायकांना विचारलं, "आता काही उपाय?" ते म्हणाले, "नाही." मी मान हलवली, जसं काही मी त्याच कामासाठी आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून रूपालीची जागा रिकामी. मी वर्गात चारही शब्द परत लिहिले आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ लिहायला लावला. कुणी कारण विचारलं नाही.

पोळा झाल्यावर एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. नाना बाजाराला गेलेत, हे पाहून गेलो. तेही लपवत नाही. भास्करभाऊ ओसरीत बसले होते. मला पाहून उठले, सतरंजी टाकली. मी बसलो आणि पाणीसुद्धा न घेता म्हणालो, "भास्करभाऊ, चूक रूपालीची नाही. मी वर्गात तसं लिहून दिलं होतं. मी नानांना सांगतो, चार माणसांत सांगतो."

त्यांनी शांतपणे पाहिलं. "मले ठाऊक हाये, सर."

"कसं?"

"त्याच दिवशी वावरातून आल्यावर तिनं मले वही दाखोली. म्या म्हटलं, चाल, नानाले दाखवू. तं हात धरून बसली. म्हने, नोका दाखवू बाबा. सरचं नाव निंघालं तं मोठेबाबा गावभर करतीन. मंग शेवंताले, रजियाले, कोनालेच कोनी शाळेत धाडनार नाई. साऱ्याइले आयतंच कारन भेटीन. माह्यं येकटीचं गेलं तं गेलं."

आतून रूपाली चहा घेऊन आली. कप खाली ठेवून ती जाईना.

"सर, हर्बिसाइड म्हंजे खरं काय?"

"तण मारायचं औषध," मी म्हणालो. आता मला येत होतं.

"आन् वीडिसाइड?"

"तेही तेच."

"मंग दोन शब्द काऊन?"

ते मला तेव्हाही सांगता आलं नाही. ती आत गेली. भास्करभाऊ म्हणाले, "आता तुमी बोलसान तं तिनं केलं ते वाया जाईन, सर. तसं बी नानानं पाहुने बोलावले हायेत."

मी म्हणालो, "तिचं वय बसत नाही, भाऊ." ते म्हणाले, "कोनाचं बसते इथं?" यावर तरी मी उठून काही करायला हवं होतं. तक्रार कुठे करायची असते, हे मास्तराला माहीत असतं. मी चहा संपवला. आणि खरं लिहायचं तर, त्या घराचा उंबरा ओलांडताना मला हायसं वाटलं. एका मुलीने आणि तिच्या बापाने मिळून माझी अब्रू राखली होती, आणि मला पहिल्यांदा वाईट वाटायला हवं होतं, तर हायसं वाटलं. बाकी सगळ्याची माफी मी स्वतःला कधी ना कधी देईन. याची नाही.

त्यानंतर शाळेतली एकही मुलगी कुणी घरी बसवली नाही. शेवंता दहावी झाली. रजियाने पुढे चिखलीला शिक्षिकेचा कोर्स केला. रूपालीचा हिशेब बरोबर निघाला.

तिचं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांना लाउडस्पीकरवर नावानिशी बोलावून टॉवेल-टोपी देतात. मी मांडवात मागच्या खांबाजवळ बसलो होतो. सरपंच झाले, सोसायटीचे अध्यक्ष झाले. मग नानांनी स्वतः माइक हातात घेतला. "आपल्या शाळेचे होनारे हेडमास्तर, आमच्या पोरीचे सर. सर जिथं असतीन तिथून त्याइनं म्होरं यावं."

लोकांनी वाट करून दिली. मी गेलो. रूपाली पाटावर उभी होती, मुंडावळ्या बांधलेल्या. तिने वर पाहिलं नाही. नानांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि टोपी भास्करभाऊंच्या हातात दिली. भास्करभाऊंचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचावा म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी टोपी बसवली, मागून जरा खाली ओढून नीट केली.

"झालं, सर," ते हळूच म्हणाले.

पंगत बसत होती. मी टोपी घालूनच जेवायला बसलो.